खंडाळ्याच्या घाटात काय काय उगवतं, याचा हिशोब लिहून ठेवणारे स्पॅनिश फादर

पावसाळ्यातला रविवार आला की निगडीच्या पुढं जुन्या हायवेवर गाड्यांची रांग लागते. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, कामशेत करत अर्धं पिंपरी-चिंचवड लोणावळा-खंडाळ्याला निघालेलं असतं. धबधबा, भजी, कणीस, चार फोटो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून परत.

त्या फोटोत मागं जी हिरवळ दिसते, तिच्यात नेमकं काय काय उगवतं? कोणती झुडपं, कोणती गवतं, कोणत्या वेली? कुणी हे कधी नीट लिहून ठेवलंय का?

तर ठेवलंय. १९५३ साली ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खंडाळा आणि आसपासच्या डोंगरात सापडणाऱ्या फुलझाडांची ती शास्त्रीय नोंदवही. लिहिणारा माणूस ना मावळातला, ना पुण्याचा. ते होते स्पेनमधून आलेले कॅथलिक धर्मगुरू, फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

आता तुम्ही म्हणाल, खंडाळ्याच्या झाडांचं पिंपरी-चिंचवडला काय घेणंदेणं? तर घरातला नळ सोडून बघा. पवना लोणावळ्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावते आणि शहराला पाणी देते. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून निघते आणि देहू, आळंदी करत एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला चाकण ठेवून जाते. या पट्ट्याचं पाणी जिथं पडतं, मुरतं आणि वाहायला लागतं, त्याच डोंगरांची ही नोंद आहे.

आणि वेळ बघा. पुस्तक आलं १९५३ मध्ये. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली १९५४ मध्ये. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी, पुढं चाकण असं करत कारखाने पसरत गेले. म्हणजे हे सगळं बदलायला लागण्याच्या अगदी आधी घाटमाथ्यावर काय होतं, याचा पुरावा या फादरनी तयार करून ठेवला होता.

सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ चा, स्पेनच्या तारागोना प्रांतातल्या ला गालेरा या गावातला. तरुणपणीच ते जेझुइट संघात, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोक ज्याला येशूसंघ म्हणतात त्यात, दाखल झाले. हा संघ शिक्षणासाठी ओळखला जातो. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ मध्ये काढलेलं.

पण एक स्पॅनिश माणूस थेट मुंबईत का आला? याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. तोपर्यंत मुंबईतलं जेझुइटांचं काम मुख्यतः जर्मन फादर बघत होते. युद्ध लागलं आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे सगळे शत्रूदेशाचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत टाकलं, मायदेशी पाठवलं. त्यांच्या जागी १९२० च्या दशकात स्पेनमधून माणसं येऊ लागली. सिंधू संस्कृतीवर काम करणारे झेवियर्सचे प्रसिद्ध फादर हेरास याच लाटेतले आणि सांतापावही.

जर्मन गेले, तरी एक स्विस फादर मागं राहिले होते. स्वित्झर्लंड युद्धात नव्हतं ना! त्यांचं नाव एथेलबर्ट ब्लॅटर. १९०३ मध्ये, म्हणजे सांतापाव जन्मले त्या वर्षी, ते मुंबईत आले आणि झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. सोबत चार्ल्स मॅककॅन यांच्यासारखे साथीदार घेऊन त्यांनी पश्चिम घाटातून वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला. खंडाळ्यातही या दोघांनी बरीच पायपीट केली. १९३४ मध्ये ब्लॅटर गेले. तो संग्रह आज ‘ब्लॅटर हर्बेरियम’ म्हणून ओळखला जातो.

सांतापाव यांनी दरम्यान लंडन विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली. तिथल्या क्यू उद्यानातही काम केलं. हे क्यू प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश काळात भारतात गोळा झालेले कित्येक महत्त्वाचे नमुने क्यूला गेले. एखादी वनस्पती नवी आहे की आधीच माहीत असलेली, हे ठरवायचं तर मूळ नमुन्याशी ताडून बघावं लागतं. आणि आपल्या डोंगरातल्या झाडाचा मूळ नमुना सात समुद्रापलीकडच्या कपाटात! सांतापाव यांनी ती कपाटं डोळ्यांखालून घातली आणि १९४० च्या सुमारास परत येऊन झेवियर्समध्ये शिकवायला लागले.

त्यांच्या आधी या भागाचा मोठा आधार होता थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ. हे कूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. पण त्यांचा आवाका अख्ख्या इलाख्याचा. सांतापाव यांनी उलटं केलं. एक छोटी जागा निवडली आणि तिथं पुन्हा पुन्हा जात राहिले.

ती जागा म्हणजे खंडाळा. मुंबईहून रेल्वेनं सोपं आणि जेझुइटांचं विश्रांतीचं घर तिथंच.

आता हे काम कसं चालतं ते बघा, कारण ऐकायला जितकं निवांत वाटतं तितकं ते नाही. खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. बहुतेक रानफुलं नेमकी त्याच चार-पाच महिन्यांत येतात. डोंगर चढायचा, फूल किंवा फळ असलेली फांदी काढायची, जागा, तारीख आणि क्रमांक लिहायचा. मग ती कागदांच्या घड्यांमध्ये दाबून वाळवायची. ओलसर झालेले कागद रोज बदलायचे. एक दिवस आळस केला की बुरशी लागलीच समजा. वाळलेला नमुना जाड कागदावर चिकटवायचा, ओळख पटवायची आणि कपाटात ठेवायचा.

हा कागद म्हणजे त्या झाडाचा जन्मदाखला आणि रहिवासी दाखला, दोन्ही. नावात चूक झाली असेल तर पन्नास वर्षांनी कुणीही तो काढून ती दुरुस्त करू शकतो. नुसती यादी असेल तर ते जमत नाही.

सगळ्यात मजेदार प्रकरण कारवीचं. मावळात आणि कोकणात कारवी माहीत नाही असा जुना माणूस सापडणार नाही. तिच्या काठ्यांचे कूड करायचे, वरून शेणामातीनं लिंपायचं की झाली झोपडीची भिंत. ही कारवी वर्षानुवर्षं नुसती वाढत राहते आणि मग सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो. मधमाश्यांची चंगळ असते. बी धरलं की ती सगळी झुडपं मरून जातात आणि पुढच्या पावसात नवी पिढी उगवते.

सांतापाव यांचा अभ्यासाचा खास विषय ज्या कुळाचा, त्याच कुळातली ही कारवी. मुंबई इलाख्यातल्या या कुळावर त्यांनी १९५१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. कारवी आणि बांबू असे एकगठ्ठा का आणि कधी फुलतात, यावर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. सात-आठ वर्षांचं हे चक्र एका सहलीत कळत नाही. त्यासाठी एकाच डोंगराशी लग्न लावावं लागतं. (फादर होते, तेवढी एकच सोय होती म्हणा!)

खंडाळ्याबरोबर दुसरा डोंगर होता पुरंदर. १९४४ ते १९५६ या काळात तिथं सापडलेल्या वनस्पतींची नोंद त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दोन टोकांची दोन पुस्तकं झाली. एक धो धो पावसाच्या घाटमाथ्याचं, दुसरं पूर्वेकडच्या कमी पावसाच्या किल्ल्याचं.

एव्हाना देश स्वतंत्र झाला होता. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही १८९० ची सरकारी संस्था मरगळली होती. तिला पुन्हा उभं करण्याचा आराखडा पंडित नेहरूंनी बोलावून घेतलेल्या शास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांनी तयार केला. पण १९५४ मध्ये प्रमुखपदी नेमणूक झाली फादर सांतापाव यांची.

जानकी अम्मल यांना हे लागलं. स्वतंत्र भारताच्या झाडांचा अभ्यास भारतीयांनी भारतीय पद्धतीनं करावा यासाठी त्या झगडत होत्या आणि वर येऊन बसला युरोपात जन्मलेला, क्यूमध्ये तयार झालेला माणूस. त्यांची तक्रार चुकीची म्हणता येत नाही. सांतापाव यांनी पुढं भारताचं नागरिकत्व घेतलं, त्यांची अख्खी हयात इथं गेली, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या तशाच ठेवलेल्या बऱ्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सांतापाव यांच्या पुस्तकांची भाषा इंग्रजी आणि लॅटिन. त्याच डोंगरातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी लोकांना यातली कित्येक झाडं भाजी म्हणून, औषध म्हणून, सरपण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांच्या हातात पडेल असं ते पुस्तक नव्हतं.

सरकारी कामात मात्र फादरनी झपाटा लावला. १९५५ च्या डिसेंबरमध्ये सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात सुरू झालं. महाराष्ट्राच्या वनस्पतींवर काम करणारं हे केंद्र आजही कोरेगाव रोडला आहे. १९५८ मध्ये कूक यांचा दुर्मिळ झालेला ग्रंथ पुन्हा छापला गेला. १९५९ मध्ये संस्थेचं स्वतःचं बुलेटिन निघालं. १९६७ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

सामान्य वाचकाला ते विसरले नव्हते. नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी रस्त्याकडेच्या ओळखीच्या झाडांवर एक सोपं छोटं पुस्तक लिहिलं, ‘कॉमन ट्रीज’. झाड ओळखता यायला हवं, बाकीचं नंतर, असा त्यांचा सरळ हिशोब दिसतो.

१९६९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक निसर्ग संरक्षण संघाची, म्हणजे आययूसीएनची मोठी परिषद भरली. वाघाची शिकार थांबवा असा आग्रह जगानं धरला तो याच परिषदेत, त्यामुळं ती वाघासाठी लक्षात राहिली. पण तिच्या कामकाजात फादर सांतापाव यांचाही एक निबंध आहे आणि त्याचा विषय आहे धोक्यात आलेल्या वनस्पती आणि त्यांची ठिकाणं. ‘ठिकाणं’ या शब्दावर थांबा. झाड वाचवायचं तर ते जिथं उगवतं ती जागा वाचली पाहिजे, हे त्यात आलं.

त्या वेळी आपल्याकडं ‘पर्यावरण’ हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीच्या काळजीवरचं ‘लौदातो सी’ हे पत्र आलं २०१५ मध्ये. ते पोपही जेझुइटच. अहमदनगरच्या दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम उभं करणारे स्विस फादर हर्मन बाखर हेही त्याच संघाचे. पाणी अडवण्याचं काम डोळ्यांना दिसतं म्हणून बाखर यांचं नाव गावागावांत पोचलं. कागदावर फांदी चिकटवणारा माणूस कुणाला दिसत नाही.

पण त्या कागदांची गरज आज पडते. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकणच्या टेकड्यांवर दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. हेतू चांगला असतो. पण कुठं गिरिपुष्पासारखं बाहेरून आलेलं झाड लावलं जातं, कुठं मुळातच गवताळ असलेल्या माळावर खड्डे घेतले जातात. त्या गवतात पावसाळ्यात उगवणारे कंद आणि ऑर्किड खड्ड्याबरोबर जातात आणि वर हिरवा फोटो निघतो. इथं मूळचं काय होतं हे आधी बघायला नको का? बघायचं तर जुन्या नोंदी लागतात आणि खंडाळा-पुरंदरसाठी त्या आहेत.

जानेवारी १९७० मध्ये फादर सांतापाव मुंबईत वारले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली.

भारतातल्या फुलझाडांच्या नावांचा त्यांनी ए. एन. हेन्री यांच्याबरोबर केलेला कोश १९७३ मध्ये, त्यांच्या मागं प्रसिद्ध झाला. ब्लॅटर हर्बेरियममधून पुढं मार्सेलिन आल्मेडा यांनी अख्ख्या महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले. खंडाळ्याच्या पावसात काढलेल्या आणि कागदात वाळवलेल्या त्या फांद्या मुंबईत झेवियर्सच्या कपाटांत आहेत. त्यांच्यावर जागा आणि तारीख लिहिलेली आहे.