हेलियमचे कोडे आणि लांडाऊ

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात एमआरआयसाठी रुग्ण ज्या बोगद्यात सरकतो, त्याच्या भिंतीआड बहुतेक यंत्रांत उणे २६९ अंश सेल्सिअसचा द्रव हेलियम असतो. चुंबकाच्या तारांतला विद्युतरोध त्या थंडीतच नाहीसा होतो. हेलियम प्रथम द्रवरूप झाला १९०८ मध्ये, हॉलंडमध्ये. त्याच वर्षी २२ जानेवारीला बाकू शहरात लेव्ह लांडाऊ जन्मले.

चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला हवी तेवढी ऊर्जा घेता येत नाही, हे त्यांनी १९३० मध्ये, बाविसाव्या वर्षी दाखवले. जिन्यात पायरीवर उभे राहता येते, दोन पायऱ्यांच्या मधे नाही, तसेच हे. या पायऱ्यांना आज लांडाऊ पातळ्या म्हणतात.

२८ एप्रिल १९३८ रोजी स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. संस्थेचे प्रमुख प्योत्र कापित्सा यांनी त्याच दिवशी थेट स्टालिनला पत्र लिहिले. त्या काळात हे जिवावर बेतणारे धाडस होते. उणे २७१ अंशांखाली हेलियम जराही न अडखळता वाहतो, हे कापित्सांना नुकतेच आढळले होते आणि त्याचा उलगडा करायला त्यांना लांडाऊच हवे होते. वर्षभराने कापित्सांच्या हमीवर सुटका झाली, तेव्हा लांडाऊंची प्रकृती पार ढासळली होती. तरी १९४१ मध्ये त्यांनी ते कोडे सोडवले.

७ जानेवारी १९६२ रोजी दुब्नाला जाताना बर्फाळ रस्त्यावर त्यांच्या मोटारीला ट्रक धडकला. कवटी, बरगड्या, कटीचे हाड मोडले. कित्येक आठवडे शुद्ध नव्हती. श्वास यंत्रावर. मेंदूची सूज उतरवायला परदेशातून विमानाने औषध आले, मॉन्ट्रियलहून मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आले. सहकारी भौतिकशास्त्रज्ञ औषधांसाठी धावपळ करत राहिले. जीव वाचला, वैद्यकाच्या दृष्टीने ते मोठेच यश. पण ते पुन्हा संशोधन करू शकले नाहीत. त्या वर्षीचे नोबेल त्यांना मॉस्कोतच देण्यात आले. १ एप्रिल १९६८ रोजी ते गेले.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच एक नवी कल्पना पुढे आली. हेलियमचे अणू इलेक्ट्रॉनला आत शिरू देत नाहीत, पण त्याच्या विद्युतभारामुळे पृष्ठभाग त्याला ओढूनही धरतो. म्हणून इलेक्ट्रॉन द्रवाच्या वर, मिलिमीटरच्या सुमारे लाखाव्या भागाइतक्या उंचीवर तरंगत राहतो. प्रयोगांत तसेच दिसले. तिथे चुंबकीय क्षेत्र लावले की हे इलेक्ट्रॉन लांडाऊंच्या पायऱ्यांवरच उभे राहतात.