रयतेतून नागरिक घडविणारे कर्मवीर भाऊराव पाटील

श्रीक्षेत्र बाहुबलीच्या सान्निध्यात वसलेल्या कुंभोज या गावी, आजोळी, दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. घराणे दिगंबर जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील इंग्रज सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. त्या काळी या देशातील सर्वसामान्य माणसाला नागरिक म्हणत नसत. तो रयत होता. शेतसारा भरावा, साहेब दिसला की मुजरा करावा, एवढेच त्याचे राज्याशी नाते. पुढे भाऊरावांनी आपल्या संस्थेला जे नाव दिले, त्यात हाच शब्द त्यांनी जाणीवपूर्वक घेतला, आणि सारे आयुष्य त्या शब्दाचा अर्थ बदलण्यात वेचले.

बालपणापासून स्वभाव बंडखोर. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने विहिरीवरील रहाटच मोडून टाकला, ही हकीकत त्या भागात आजही सांगितली जाते. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. या वसतिगृहाची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे विद्वान, समाजासाठी झटणारे, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ. तथापि बोर्डिंगचे सोवळे कडक होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचा आदेश झाला. त्यांनी तो मानला नाही, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या संस्थेने आपल्याच मुलाला बाहेर काढावे, ही घटना आज वाचताना अवघड वाटते. पण ती झाकून ठेवण्यासारखी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या मुलाला आपल्या छत्राखाली घेतले. शाळेतील अभ्यासात मात्र त्यांची गती बेताची राहिली. मॅट्रिकची पायरी त्यांना चढता आली नाही.

याच लठ्ठ्यांशी त्यांची गाठ पुन्हा पडली, ती फार वेगळ्या प्रसंगी. १९१४ साली कोल्हापुरात इंग्लंडच्या राजघराण्यातील पुतळ्याला कोणी अज्ञाताने डांबर फासले. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना लठ्ठे यांना त्यात गुंतवावयाचे होते. भाऊराव त्यावेळी साताऱ्यात शिकवण्या करून उदरनिर्वाह करीत. सारे शहर त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखे. त्यांना कोल्हापूरला आणून लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास सांगण्यात आले. साक्ष सर्वस्वी खोटी होती. त्यांनी नकार दिला. मग अटक, मारहाण, छळ. तो छळ असह्य होऊन त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. खोटी साक्ष मात्र दिली नाही.

ज्या माणसाने आपणांस वसतिगृहातून घालविले, त्याच्याविरुद्ध चार शब्द बोलून मोकळे होणे किती सोपे होते! सूड उगवण्याची संधी चालून आली होती, शिवाय दरबारात पतही वाढली असती. सत्य अणुव्रताची उदाहरणे पुराणांतून शोधण्यापूर्वी हे एक उदाहरण आपल्या घरातले आहे, हे लक्षात ठेवावे. राजसत्तेपुढे उभा राहून एक सामान्य माणूस नाही म्हणतो, तेव्हा तो केवळ प्रजाजन उरत नाही. भाऊरावांच्या आयुष्यात तो क्षण कोल्हापूरच्या कोठडीत आला.

सुटकेनंतर काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीचे काम केले. विक्रीसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाला गाव जसे कळते, तसे ते अधिकाऱ्याला किंवा पुढाऱ्याला कळत नाही. कोणाच्या घरी धान्य आहे, कोण सावकाराच्या वहीत अडकला आहे, अंगठा उठवताना कागदावर काय लिहिले आहे हे कोणाला वाचता येत नाही, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार झालेला होताच. दुधगाव येथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या आश्रमात त्यांचा सहभाग होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले.

साताऱ्याचे त्यांचे वसतिगृह हे त्यांच्या जीवनकार्याचे मर्म होय. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच करावयाचा, पाणी मुलांनीच भरावयाचे, एका पंक्तीत बसावयाचे. शेतात राबून शिकावयाचे. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण १९२४ साली अस्पृश्य मुलाच्या हातची भाकरी खाणे म्हणजे नातेवाइकांत, गावात, कधी स्वतःच्या आईवडिलांत वैर पत्करणे होते. राष्ट्र हा शब्द तेव्हा सभांतून पुष्कळ ऐकू येई. या मुलांना तो रोज ताटावर भेटत होता.

यासाठी लागणारा पैसा कोठून येणार? गावोगावी गृहिणी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत. या मुष्टिफंडावर पुष्कळ भार निभावला. तरी महिन्याची तोंडमिळवणी होत नसे. अशा वेळी पुढे आल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरचे सोने एकेक करून गेले आणि एके दिवशी मुलांच्या अन्नासाठी मंगळसूत्रही विकावे लागले. आपल्या समाजात स्त्रीधनाला काय मोल आहे हे सांगावयास नको. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माउलीने अठरापगड जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. १९३० साली त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या गौरवात त्यांचे नाव अनेकदा अर्ध्या ओळीत आटोपले जाते, ते योग्य नव्हे.

१९२७ साली महात्मा गांधी या वसतिगृहात आले आणि तेथील सहजीवन पाहून प्रसन्न झाले. त्यांच्याच हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. अण्णा स्वतः खादीत वावरत. पुढे संस्थेची वाढ झपाट्याने झाली. गावकऱ्यांच्या मदतीने खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या, शिक्षक तयार करणारे विद्यालय १९३५ साली निघाले, १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मोठी देणगी घेऊन कॉलेजला दुसरे नाव द्यावे असा प्रस्ताव आला असता त्यांनी तो साफ नाकारला, असे सांगतात. देणगीदाराच्या नावाची पाटी हा धर्मादाय संस्थांतील नाजूक विषय आहे, हे विश्वस्तमंडळींना ठाऊक आहेच.

स्वातंत्र्य आले, पण अण्णांची परीक्षा संपली नाही. गांधीहत्येनंतरच्या काळात त्यांच्या परखड भाषणांवरून मुंबई सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. परक्या सरकारच्या काळात उभी राहिलेली संस्था स्वकीयांच्या राज्यात अडचणीत आली. अण्णांनी ना शाळा बंद केल्या, ना शब्द मागे घेतले. लोकांनी संस्थेला हात दिला, संत गाडगे महाराजांनी रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या कॉलेजला अण्णांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचे नाव महाविद्यालयाला!

इंग्रजी अमलात मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. राज्यघटनेने १९५० साली तो प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास दिला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांना चिन्हे द्यावी लागली, कारण बहुसंख्य मतदारांना नाव वाचता येत नव्हते. सातारा भागातील खेड्यांत मात्र नाव वाचू शकणारा, आणि शेजाऱ्याला वाचून दाखवू शकणारा, एखादा तरी तरुण सापडे. तो बहुधा रयतच्या शाळेतून आलेला असे.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसास डी.लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे पुण्यात देहावसान झाले. मागे शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये, अनेक वसतिगृहे आणि वटवृक्षाचे बोधचिन्ह असलेली संस्था राहिली. स्वतःच्या नावे त्यांनी काहीही ठेवले नव्हते.