विश्लेषण : देश अनेक, संघ एक! वेस्ट इंडिजला जोडणारे फ्रँक वॉरेल कोण होते?

वेस्ट इंडिज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना यांचे ध्वज आणि सरकारे वेगवेगळी आहेत. जमैका ते बार्बाडोस हे अंतरच सुमारे १९०० किलोमीटर. तरीही कॅरेबियन माणूस क्रिकेटच्या मैदानावर स्वतःला ‘वेस्ट इंडियन’ म्हणवतो. ही ओळख घडवण्यात सर फ्रँक वॉरेल यांचा वाटा मोठा आहे.

कर्णधारपद इतके उशिरा का?

१ ऑगस्ट १९२४ रोजी बार्बाडोसमध्ये वॉरेल यांचा जन्म झाला. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे प्रसिद्ध ‘थ्री डब्ल्यूज’ एकाच परिसरातले. मानधनावरून मंडळाशी बिनसल्याने १९४८-४९ च्या भारत दौऱ्याला वॉरेल मुकले. पुढच्याच हंगामात ते कॉमनवेल्थ संघातून भारतात आले. इंग्लंडमध्ये लीग क्रिकेट खेळता खेळता त्यांनी मँचेस्टर विद्यापीठातून पदवीही मिळवली.

संघात कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाचे खेळाडू असले, तरी कर्णधार मात्र गोराच, अशी रीत होती. १९४८ मध्ये जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले, तेवढेच. विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल कर्णधार झाले. संपूर्ण मालिकेसाठी नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार.

ब्रिस्बेनची कसोटी ‘टाय’ झाली, कसोटी इतिहासातली पहिली. मालिका २-१ अशी गमावूनही मेलबर्नकरांनी रस्त्यावर गर्दी करून संघाला निरोप दिला. बेटाबेटांचे गट करून वावरणारे खेळाडू वॉरेल यांच्या हाताखाली एक संघ झाले, हे त्या निकालापेक्षा महत्त्वाचे.

राजकारणात जे फसले...

१९५८ मध्ये दहा वसाहतींचे ‘वेस्ट इंडिज फेडरेशन’ स्थापन झाले. जमैकाने सार्वमतात बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ मे १९६२ रोजी ते विसर्जित झाले. गंमत म्हणजे, फेडरेशन अखेरच्या घटका मोजत असताना वॉरेल यांचा एकसंध संघ भारताला ५-० ने हरवत होता.

भारताशी रक्ताचे नाते कसे?

त्याच दौऱ्यात बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. जीव वाचवण्यासाठी रक्त हवे होते. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल यांनीही रक्तदान केले. बंगालमध्ये आजही ३ फेब्रुवारीला त्यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरते.

निवृत्तीनंतर काय?

१९६३ मध्ये इंग्लंडला ३-१ ने नमवून वॉरेल थांबले. पुढच्या वर्षी त्यांना ‘सर’ किताब मिळाला. जमैकाच्या सिनेटमध्ये ते बसले, पण मन रमले ते वेस्ट इंडिज विद्यापीठात. फेडरेशन मोडल्यावरही टिकलेली ही दुसरी सामाईक संस्था. स्वतंत्र झालेल्या बार्बाडोसने उर्वरित जगाच्या संघाविरुद्ध एकट्याने सामना ठरवला, तेव्हा त्यांनी उघड नापसंती दर्शवली. मायभूमीत त्यावरून टीका झाली, ती त्यांनी सोसली.

१३ मार्च १९६७ रोजी जमैकात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४२. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांच्यासाठी स्मृतिप्रार्थना झाली. दफन बार्बाडोसमध्ये, वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या आवारात झाले.