गाडगेबाबांनी दान कुठे दिले?
२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर म्हणजे संत गाडगेबाबा. शाळेत न गेलेल्या या माणसाने कीर्तनातून लोकवर्गणी उभारली आणि धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपवली. स्वतःजवळ ठेवले ते खापर आणि काठी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी तेही गेले.

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आपण जयंतीची वर्गणी काढतो. त्यातला किती पैसा डीजेवर जातो आणि किती वस्तीतल्या मुलीच्या फीसाठी उरतो? यंदाच्या बैठकीत हा हिशेब आधी मांडूया. जय भीम!