मायकेल फॅरडे यांची चाकरी

शाळेचा निरोप घेऊन विद्यार्थी नोकरीच्या शोधार्थ बाहेर पडतो, तेव्हां त्याचें व त्याच्या आईबापांचें लक्ष साहजिकच पगाराकडे असतें. नोकरी कशी मिळेल, हें पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. पण मिळालेल्या जागेवर आपला मुलगा धन्यास हवाहवासा कसा होईल, हें क्वचितच कोणी विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रांत सांपडलें. तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथें झाला. वडील लोहारकाम करीत. त्यांची प्रकृति ठीक नसल्यामुळें घरांत ओढगस्त असे, आणि लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब यांपलीकडे शाळा मायकेलच्या वांट्यास आली नाहीं. १८०४ सालीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे वर्तमानपत्रें पोंचविण्याच्या कामास लागला. एका वर्षानें धन्यानें त्यास ७ वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणीच्या धंद्यांत उमेदवार म्हणून घेतलें. अशा वेळीं मुलाच्या बापाकडून रक्कम घेण्याची वहिवाट होती; परंतु मुलाची इमानी सेवा पाहून रीबोनें ती घेतली नाहीं. फॅरडेंच्या गुणांची पहिली किंमत झाली ती अशी.

बांधावयास येणारीं पुस्तकें मायकेल नुसतीं बांधीत नसे, तर वाचीतहि असे. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही यांच्या ४ व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. त्यानें टिपणें घेतलीं, तीं सुवाच्य अक्षरांत उतरून काढलीं, आकृति काढल्या, आणि स्वतःच्या हातानें पुस्तक बांधून नोकरीच्या अर्जाबरोबर डेव्हींकडे धाडलें. शिफारसपत्राऐवजीं त्यानें आपलें काम पाठविलें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

डेव्ही प्रसन्न झाले, पण जागा रिकामी नव्हती. पुढें प्रयोगशाळेंतील मदतनिसास मारामारीवरून काढून टाकण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं फॅरडे त्या जागेवर आले. पगार आठवड्यास २५ शिलिंग, राहण्यास वरच्या मजल्यावर २ खोल्या, शिवाय कोळसा व मेणबत्त्या. व्याख्यात्यांस उपकरणें मांडून देणें, आठवड्यांतून एकदां नमुने साफ करणें व महिन्यांतून एकदां कपाटांतील उपकरणांची धूळ झाडणें, असें तें काम होतें. तें त्यांनीं मनापासून केलें.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासास निघाले. त्यांच्या खासगी नोकरानें ऐन वेळीं येण्याचें नाकारलें, आणि त्याचीं कामेंहि फॅरडेंच्या गळ्यांत पडलीं. डेव्हीबाई त्यांस हलक्या चाकराप्रमाणें वागवीत. सर्व सोडून परत जावें, असें फॅरडेंच्या मनांत अनेकदां आलें. परंतु फ्रान्स व इटली येथील विद्वानांचें कार्य प्रत्यक्ष पाहण्याची संधि त्यांनीं दवडली नाहीं. १८१५ सालीं ते परतले, तेव्हां त्यांचा पगार ३० शिलिंग झाला.

मात्र ही सहनशीलता म्हणजे लाचारी नव्हे. १८२३ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं फॅरडेंचें नांव सुचविलें गेलें, तेव्हां खुद्द डेव्हींनींच विरोध केला व नांव मागें घेण्यास सांगितलें. फॅरडेंनीं तें मागें घेतलें नाहीं. ते निवडून आले. पण गुरूविषयींचा आदरहि त्यांनीं कधीं सोडला नाहीं. ताठ मान आणि कृतज्ञ मन हीं दोन्ही एकाच ठिकाणीं राहूं शकतात!

१८२५ सालीं ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. जेथें धूळ झाडली, तेथेंच मुख्य झाले. १८२७ सालीं लंडनच्या नव्या विद्यापीठानें त्यांस अध्यापकाची जागा देऊं केली; परंतु ज्या संस्थेनें आपणांस घडविलें तिचें ऋण फिटलें नाहीं, म्हणून त्यांनीं ती नाकारली. त्याच संस्थेंत २९ ऑगस्ट १८३१ रोजीं चुंबकाच्या योगें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व त्यांच्या हातीं लागलें. १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली, तीहि याच तत्त्वावर.

१८३६ पासून दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाऊस या संस्थेचे ते सल्लागार होते. १८६० च्या हिवाळ्यांत, वयाच्या ६८ व्या वर्षीं, विजेचा दिवा तपासण्यासाठीं ते बर्फांतून वाट काढीत साउथ फोरलँडच्या दीपगृहास गेले. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद मात्र त्यांनीं नाकारलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्पटन कोर्ट येथें त्यांनीं देह ठेवला.

प्रत्येक मदतनीस फॅरडे होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सोंपविलेलें हलकें काम चोख करणें, त्यांतूनच कांहीं शिकणें, आणि उपकार न विसरणें, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातचें आहे. पगार धनी ठरवितो. पण आपल्यावांचून त्याचें अडावें अशी योग्यता ज्याची त्यानेंच मिळवावयाची असते.