आधार द्यावा, जखडू नये

कबड्डीत चढाई करताना किंवा बॅडमिंटनमध्ये उडी मारून खाली येताना पाऊल आतल्या बाजूला वळते, घोटा सुजतो आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानातून ‘अँकल ब्रेस’ घरी येतो. हा पट्टा कसा असावा? दुखावलेल्या भागाला आधार मिळावा, पण माणूस चालता-फिरता राहावा आणि त्वचेला तो काचू नये. या तिन्ही गोष्टी एकाच साधनात बसवण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या एका डॉक्टरांनी आयुष्य वेचले. त्यांचे नाव ह्यू ओवेन थॉमस.

थॉमस यांचा जन्म 1834 सालचा. घराणे वेल्समधील अँगलसी बेटावरचे आणि पिढीजात हाडवैद्यांचे. वडील इव्हान थॉमस लिव्हरपूलमध्ये हाडे बसवत. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण हाताला गुण होता, त्यामुळे दाराशी रोग्यांची रांग लागे. पदवीधर डॉक्टरांना ते खुपे आणि इव्हान यांना कोर्टाची पायरी चढावी लागे. मुलांवर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर केले. ह्यू एडिंबरा, लंडन आणि पॅरिस इथे शिकून 1857 मध्ये सर्जन झाले. वडिलांबरोबर मात्र त्यांचे वर्षभरही पटले नाही. त्यांनी वेगळा दवाखाना थाटला.

लिव्हरपूल हे बंदराचे शहर. गोदीतले हमाल, जहाजबांधणीचे कामगार, खलाशी हे त्यांचे रोगी. पाय मोडला की मजुरी बुडणार, हे ठरलेले. त्यात सांध्यांचा क्षय घरोघरी होता. गुडघा किंवा घोटा क्षयाने सुजला की सांधा कापून काढणे, नाहीतर पायच कापणे, हा त्या काळचा सर्रास इलाज. थॉमस यांचा त्याला कडवा विरोध होता. सांध्याला पुरेशी आणि अखंड विश्रांती दिली, तर शरीर बरेचसे काम स्वतःच करते, असे त्यांचे ठाम मत होते. 1875 मध्ये त्यांनी खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या विकारांवर पुस्तक लिहून ते मांडले.

पण गोदीतल्या कामगाराला महिनोन्‌महिने खाटेवर कोण पोसणार? थॉमस यांनी हा प्रश्न कारखान्यात सोडवला. नेल्सन स्ट्रीटवरच्या दवाखान्यालाच जोडून त्यांनी कार्यशाळा उघडली. तिथे लोहार होता, चामड्याचे काम करणारा कारागीर होता. साधन प्रत्येक रोग्याच्या मापाने तयार होई, आणि टोचले, सैल झाले, तर तिथल्या तिथे दुरुस्त केले जाई.

याच कार्यशाळेत ‘थॉमस स्प्लिंट’ घडली. रचना अगदी साधी. मांडीच्या मुळाशी मऊ भरण घालून चामड्याने मढवलेले लोखंडी कडे आणि त्यातून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणाऱ्या दोन सळ्या. शरीराचा भार कड्यावर, म्हणजे आपण ज्या हाडावर बसतो त्याच्यावर पडे आणि तिथून सळ्यांमार्फत जमिनीवर जाई. मधला आजारी गुडघा मोकळा राही. चांगल्या पायाच्या बुटाखाली उंचवटा लावून दोन्ही बाजू समान केल्या की रोगी कुबड्या घेऊन घराबाहेर पडू शके. पुढे सळ्यांची टोके बुटाच्या टाचेत अडकवून ‘कॅलिपर’ तयार झाला. पोलिओमुळे पाय लुळे पडलेल्या अनेक मुलांना आपल्याकडेही पुढे कॅलिपरनेच उभे केले.

पावलाकडेही त्यांचे लक्ष होते. बुटाच्या टाचेची आतली कड थोडी पुढे वाढवली, तर आत कलणाऱ्या पावलाला टेकू मिळतो. ही ‘थॉमस हील’ आजही वैद्यकीय पादत्राणांत वापरतात.

थॉमस यांना मोठ्या रुग्णालयात पद मिळाले नाही. स्वभाव तिखट, लेखणी त्याहून तिखट, त्यामुळे समव्यावसायिकांशी सतत खटके उडत. रविवारी मात्र ते गरिबांना फुकट तपासत. डोळ्यावर ओढलेली टोपी, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट आणि ओठांत सिगारेट, ही त्यांची ओळख. 1891 च्या जानेवारीत, वयाच्या 56 व्या वर्षी ते गेले. तोवर त्यांच्या साधनांना फारसा मान मिळाला नव्हता.

तो मिळवून दिला पत्नीच्या माहेरच्या भाच्याने. रॉबर्ट जोन्स सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे राहायला आले आणि त्यांच्याच हाताखाली घडले. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले सैनिक दवाखान्यात पोहोचण्याआधीच दगावत. जोन्स यांच्या आग्रहामुळे आघाडीवरच थॉमस स्प्लिंट बांधली जाऊ लागली आणि या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही ती आजवर वापरली जाते.

थॉमस यांची एक गोष्ट काळाने बदलली. क्षयाच्या सांध्याला लागणारी दीर्घ विश्रांती मुरगळलेल्या घोट्याला सहसा मानवत नाही. अस्थिबंध ताणले गेले असतील, तर आज लवकर हालचाल सुरू करतात. म्हणून चांगला ब्रेस पावलाची वर-खाली हालचाल होऊ देतो, आत मुरगळणे तेवढे रोखतो. थॉमस यांची मापाची शिस्त मात्र तशीच लागू आहे. ब्रेस खेळाचे बूट घालून, चालून पाहून घ्यावा. घोट्याची हाडे टोचत असतील, बोटे बधिर किंवा निळसर होत असतील, तर तो चुकीच्या मापाचा आहे किंवा फार आवळला आहे. तोल सांभाळण्याचे आणि पोटरीचे व्यायाम ब्रेससोबत हवेतच. हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा, ब्रेसचा विचार नंतर.