महात्मा फुले आणि त्यांचे अनुयायी

पुढाऱ्याची थोरवी त्याच्या अनुयायांवरून ओळखावी, असे जोतीराव फुले यांचे चरित्र अभ्यासताना मला वाटते. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. परंतु लोकांचे शेणगोळे झेलीत ती शाळा चालविली सावित्रीबाईंनी. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याचा आवाज ठरलेले ‘दीनबंधु’ पत्र १८७७ मध्ये काढले कृष्णराव भालेकरांनी आणि पुढे मुंबईत चालविले नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

याच लोखंड्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग छापून पुढील भाग छापण्याचे थांबविले! जोतीराव संतापले. तरीही लोखंड्यांनी समाजाचे काम सोडले नाही. गिरणी कामगारांसाठी झगडून त्यांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. चळवळ मात्र राहिली. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना लोखंडे आणि सावित्रीबाई दोघांनीही देह ठेवला.

नुसती मान डोलविणारे अनुयायी पुढाऱ्याबरोबरच संपतात. प्रसंगी मतभेद पत्करूनही काम न सोडणारे अनुयायी त्याचे कार्य पुढे नेतात. विद्यार्थी मित्रहो, निवडणुकीत पुढारी निवडताना आपण कसले अनुयायी होणार, हेही ठरवू या.